टाचण आणि पेला : पुण्यातील प्राथमिक शिक्षकांच्या विज्ञान-शिक्षणाचा इतिहास

पुण्यात भावी शिक्षकांना सृष्टिशास्त्र शिकवायला सुरुवात झाली ती विश्रामबागवाड्यात. तिथे १८२१ पासून संस्कृत पाठशाळा भरत होती. १८५१ साली ही पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज काढण्यात आले. मेजर टॉमस कँडी त्याचे प्रमुख झाले आणि कॉलेजाला शिक्षक तयार करणारा एक नॉर्मल विभाग जोडला गेला. ‘नॉर्मल’ हा शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून उचललेला. नमुना घालून देणारी, मास्तर घडवणारी शाळा एवढाच त्याचा अर्थ. या विभागात गणित आणि सृष्टिशास्त्र हे विषय मराठीतून शिकवण्यासाठी केरो लक्ष्मण छत्रे यांची नेमणूक झाली.

केरूनाना छत्रे (१८२५–१८८४) मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. पुण्याला येण्यापूर्वी ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत ऑर्लेबार या इंग्रज प्राध्यापकाच्या हाताखाली काम करत होते. हवामानाची आणि चुंबकत्वाची उपकरणे ठरल्या वेळी वाचायची आणि आकडे टिपून ठेवायचे, असे ते काम. पदवी त्यांच्याजवळ नव्हती. विद्या होती ती वेध घेता घेता आलेली. पुढे ते डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले, टिळक-आगरकरांचे गुरू म्हणून नावाजले गेले, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहून पंचांगाच्या वादात पडले. त्या कीर्तीखाली त्यांची पुण्यातली पहिली नोकरी झाकली गेली. खेड्यापाड्यांतल्या शाळांवर जाणाऱ्या मास्तरांना निसर्गाचे नियम मराठीत समजावून सांगणे, ही ती नोकरी. पुण्याच्या शिक्षक-प्रशिक्षणाला विज्ञानाचा पहिला अध्यापक लाभला तो यंत्राला हात लावलेला माणूस होता. पुढच्या काळात असे फार वेळा घडले नाही.

त्याआधी या भागातल्या मास्तरांची तयारी म्हणजे मुख्यतः हिशेबाची तयारी होती. कॅप्टन जॉर्ज जर्विस यांच्या देखरेखीखाली मुंबईत शिकून तयार झालेले २४ शिक्षक १८२६ साली दख्खन, कोकण आणि गुजरातेत पाठवण्यात आले. सरकारी मराठी शाळांची ही पहिली पिढी. अंकगणित आणि भूमिती त्यांनी नव्या पद्धतीने शिकली होती. पण गावातला तात्या पंतोजी आणि त्याची धूळपाटी अजून जागेवर होती. मोडी अक्षर, उजळणी, पावकी-निमकी, हुंडी-पत्र यांत त्याची विद्या पुरी होई, आणि जे पाठ आहे ते खडखडीत म्हणून दाखवता येणे यावरच त्याचा दरारा अवलंबून असे. दगड का पडतो, ढग कशाचे होतात, असे त्याला कोणी विचारत नव्हते, म्हणून उत्तर चुकण्याचे भयही नव्हते. विज्ञान शाळेत आले तेव्हा मास्तरला एक नवीच अडचण आली. मुलाने विचारलेला प्रश्न पुस्तकात नसण्याची शक्यता पहिल्यांदाच निर्माण झाली.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर शिक्षणखाते उभे राहिले आणि नॉर्मल विभागाचे पुढे स्वतंत्र ट्रेनिंग कॉलेज झाले. त्याच्या प्रमुखांमध्ये कृष्णशास्त्री चिपळूणकर (१८२४–१८७८) होते. निरनिराळ्या शास्त्रांची मूलतत्त्वे मराठी वाचकाला कळावीत म्हणून त्यांनी लिहिलेला ‘अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह’ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षणखात्याचे ‘मराठी शालापत्रक’ही त्याच वर्षी निघाले. गावोगावच्या मास्तरांपर्यंत नवे ज्ञान पोचवण्याचा तो पहिला नियमित मार्ग. ते कृष्णशास्त्र्यांनी आणि नंतर त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी चालवले. विष्णुशास्त्र्यांच्या लेखणीचे फटकारे खात्याला सोसेनात आणि १८७५ साली ते बंद पडले. या सगळ्या काळातले विज्ञान भाषेच्या अंगाने उत्तम होते. गद्य स्वच्छ होते, परिभाषा घडत होती. मात्र शिकाऊ मास्तरासाठी ते वाचायचे आणि लिहून काढायचे विज्ञान होते.

युरोपात या काळात ‘ऑब्जेक्ट लेसन’चा बोलबाला होता. स्वित्झर्लंडचे पेस्टालॉत्सी यांनी सांगितले, की मुलाला आधी वस्तू द्यावी, शब्द नंतर द्यावा. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ मेयो यांनी १८३० च्या सुमारास त्यावर शिक्षकांसाठी पाठांचे पुस्तक काढले. त्यातला पहिला पाठ काचेवर. काचेचा तुकडा मुलांच्या हातात द्यायचा आणि ती चकचकीत आहे, पारदर्शक आहे, ठिसूळ आहे हे त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे. हा प्रकार इलाख्याच्या शिक्षणखात्यामार्फत इकडे आला आणि मराठीत त्याला वस्तुपाठ किंवा पदार्थपाठ म्हणू लागले. पण येताना त्याची घडी बदलली. मुलांच्या तोंडून काढायचे शब्द मास्तर फळ्यावर लिहून देऊ लागला, मुले ते पाठ करू लागली आणि वस्तू टेबलावरच राहिली. विलायतेतही निराळे घडत नव्हते. वुडचा खलिता निघाला त्याच १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हार्ड टाइम्स’मध्ये चार्ल्स डिकन्सने घोड्याची व्याख्या घोकून घेणाऱ्या शाळेची आणि प्रशिक्षण संस्थेच्या साच्यातून एकगठ्ठा बाहेर पडलेल्या मास्तरांची टर उडवली आहे. मराठीत तर ‘वस्तुपाठ घालून देणे’ हा वाक्प्रचार आज सर्रास वापरला जातो, पण तो शाळेतून आला हे बहुतेकांच्या लक्षात नसते. शब्द टिकला, आणि तो ज्या पाठासाठी जन्मला तो पाठ वर्गातून गेला.

पुण्यातल्याच एका माणसाने या प्रशिक्षणावर बाहेरून नेमके बोट ठेवले. जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये ‘विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी’ हा पोवाडा लिहिला होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी तोच विषय मुद्देसूद मांडला. प्राथमिक शाळांचे शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्य तिथे ते शेतकरी वर्गातून यावेत, त्यांना दरमहा किमान १२ रुपये पगार असावा, अशी त्यांची मागणी होती. गावच्या शाळेत काय शिकवावे याची जी यादी त्यांनी दिली तिच्यात वाचन, लेखन, हिशेब यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे पाठ आहेत. मोठ्या गावच्या शाळांना नमुन्याची छोटी शेते जोडावीत अशीही सूचना आहे. विज्ञान हा शब्द यादीत नाही. तरी बियाणे, माती, पाणी, रोगराई हे सगळे त्यात आले. शेतात राबलेल्या घरातला मास्तर हे शिकवताना बिचकणार नाही, कारण त्यातले अर्धेअधिक त्याला ठाऊक असेल, हा त्यामागचा विचार. शिक्षकाच्या आत्मविश्वासाबद्दल एकोणिसाव्या शतकात पुण्यात झालेली ही सर्वांत व्यवहारी सूचना म्हणावी लागेल. तिची दखल घ्यायला खात्याला बरीच वर्षे लागली.

स्त्रियांच्या प्रशिक्षणाची वाट वेगळी होती. सावित्रीबाई फुले यांची तयारी मिशनरी बायकांच्या हाताखाली, पुण्यात मिचेलबाई आणि अहमदनगरला सिंथिया फरार यांच्याकडे, झाल्याचे सांगितले जाते. मेरी कार्पेंटर १८६६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेल्या. शिक्षिका तयार केल्याखेरीज मुलींच्या शाळा चालणार नाहीत, हा आग्रह त्यांनी सरकारकडे धरला आणि १८७० च्या सुमारास पुण्यात स्त्रियांचे ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. १९०९ साली निघालेल्या पुणे सेवासदनाने आणि अण्णासाहेब कर्वे यांनी १९१७ मध्ये हिंगण्याला काढलेल्या अध्यापिकाशाळेने पुढे हे काम वाढवले. इथे शिकणाऱ्यांत विधवा पुष्कळ. त्यांच्या अभ्यासक्रमात विज्ञान शिरले ते आरोग्यशास्त्र आणि गृहजीवनशास्त्राच्या दाराने. पाणी उकळून का प्यावे, जखम कशी धुवावी, दूध का नासते. पुरुषांच्या कॉलेजात याला दुय्यम विद्या समजत. खरे पाहता, शिकलेली गोष्ट त्याच दिवशी घरी करून पाहण्याची सोय प्रशिक्षणार्थी पुरुषांपैकी कोणाला नव्हती; ती या बायकांना होती.

पुण्यात शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतलेल्या अनुताई वाघ यांचे पुढचे काम याच संदर्भात पाहावे. मोरगावला १९१० साली जन्मलेल्या अनुताई लहानपणी विधवा झाल्या, शिकल्या, हुजूरपागेत अनेक वर्षे शिकवत राहिल्या आणि १९४५ मध्ये ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या. तिथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर शिक्षणाचे साहित्य विकत आणायला पैसे नव्हते. मग बिया, पाने, शिंपले, दगड, बांबू हेच साहित्य झाले. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली, तिचे नाव कुरणशाळा. वर्गीकरण करणे, मोजणे, तुलना करणे ही विज्ञानाची पहिली पायरी तिथे कोणीही तिला विज्ञान न म्हणता चढत होते.

फुल्यांनी सुचवलेले शेत अखेर लोणीला आले. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यावर असलेल्या लोणी काळभोरला शेतकऱ्यांच्या मुलांसाठी सरकारी शेतकी शाळा चालत असे, आणि ‘लोणीच्या धर्तीची शाळा’ असा एक प्रकारच मुंबई इलाख्यात ओळखला जाऊ लागला. निवडक प्राथमिक शिक्षकांना शेतीचे खास शिक्षण देऊन गावच्या शाळांत शेतीचे वर्ग काढण्याचा प्रयत्नही १९२० नंतरच्या काळात झाला. मास्तराच्या हातात खडूऐवजी खुरपे देणारा इलाख्यातला हा पहिला गंभीर प्रयोग.

१९३७ साली वर्ध्याला गांधीजींची मूलोद्योग शिक्षणाची कल्पना मांडली गेली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम बांधला. त्यातला सामान्य विज्ञानाचा भाग आज वाचतानाही भरगच्च वाटतो. निसर्गनिरीक्षण, वनस्पती, प्राणी, शरीर, आरोग्य, रसायन, आकाशातले तारे आणि थोर शास्त्रज्ञांच्या गोष्टी, एवढे सगळे. हा सगळा डोलारा टकळी आणि चरख्याशी जोडून शिकवायचा होता. कापसाच्या झाडापासून वनस्पतिशास्त्र, सुताला पीळ बसतो त्यावरून बलाची कल्पना. मूलोद्योग शिक्षणाची पहिली राष्ट्रीय परिषद ऑक्टोबर १९३९ मध्ये पुण्यात भरली. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने या योजनेला आधार दिला होता, पण पुढच्याच महिन्यात ते मंत्रिमंडळ पायउतार झाले. स्वातंत्र्यानंतर योजना पुन्हा धरली गेली, लोणीलाही या पद्धतीच्या शिक्षकांची तयारी होऊ लागली, शाळांच्या पाट्यांवर ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ अशी नावे आली. कोणत्याही विषयाचा धागा उद्योगातून काढायचा तर शिक्षकाला तो उद्योगही यायला हवा आणि विषयही पक्का हवा. सातवी फायनल होऊन वर्ष-दोन वर्षांत तयार केलेल्या मास्तराकडून ही अपेक्षा फार मोठी होती. सूतकताई तासिकेपुरती उरली आणि तिला बांधलेले विज्ञान तिच्याबरोबर गेले.

भाषेचा घोळ या सगळ्यात वेगळाच. जुन्या पुस्तकांवर शिकलेल्या शिक्षकाला प्राणवायू, उज्जवायू, नत्रवायू, कर्बवायू ही नावे तोंडपाठ असत. नंतरच्या पाठ्यपुस्तकांत ऑक्सिजन, हायड्रोजन, नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आले. वायू तेच, पण ज्याचे ज्ञान शब्दांतच साठवलेले आहे त्याच्या पायाखालची जमीन शब्द बदलला की सरकते. मुंबईत १९७४ मध्ये सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्रा. व्ही. जी. कुलकर्णी यांच्या काळात या प्रश्नाचा पाठपुरावा केला. पुस्तकांच्या बोजड भाषेमुळे मुले अडतात, ती सोपी केली तर समज वाढते, हे केंद्राने प्रत्यक्ष कामातून दाखवले. याच केंद्रात जयश्री रामदास यांनी घडवलेल्या प्राथमिक शाळांच्या पुस्तकांना मराठीत ‘हलके-फुलके विज्ञान’ असे नाव मिळाले, ते उगीच नव्हे.

विज्ञानाची भीती सार्वत्रिक झाली ती साठीच्या दशकानंतर. तोवर प्राथमिक शाळेत विज्ञान थोडेसेच, आणि टाळता येण्याजोगे होते. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचे असावे असे सांगितले. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, त्यांची आणि चित्रा नाईक यांची भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये मुंबईहून पुण्याला आली. दरम्यान पुणे राज्याच्या शालेय शिक्षणाचे केंद्र बनलेच होते. १९६४ मध्ये राज्य शिक्षण संस्था निघाली, तीच १९८४ पासून राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद. तिचे कार्यालय सदाशिव पेठेत कुमठेकर रस्त्यावर, विश्रामबागवाड्यापासून चालत थोड्याच अंतरावर आहे, आणि शिक्षकांसाठीचे ‘जीवन शिक्षण’ मासिक तिथूनच निघते. २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तके काढणारी बालभारती स्थापन झाली. विज्ञान शिक्षणासाठी वेगळी राज्य संस्था मात्र नागपूरला गेली.

सक्तीचा अर्थ वर्गात असा झाला, की माध्यमिक शाळेत बी.एस्सी. झालेला शिक्षक विज्ञान शिकवतो, पण प्राथमिक शाळेत जो कवितेला चाल लावतो, शिवरायांची गोष्ट सांगतो आणि खिचडीचा हिशेबही ठेवतो, त्याच एका माणसाने विद्युतमंडलही जोडायचे. लहान वर्गांसाठी विज्ञान, भूगोल आणि नागरिकशास्त्र मिळून परिसर अभ्यास झाला. कल्पना उत्तम, ती पेलायला शिक्षकाला पुस्तकापेक्षा परिसर अधिक ठाऊक असावा लागतो.

१९८७ मध्ये केंद्र सरकारची खडू-फळा मोहीम आली. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्याचा संच, त्यात प्राथमिक विज्ञान पेटी. भिंग, चुंबक, परीक्षानळ्या, तराजू. पेटी शाळेत आल्याबरोबर तिची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यातल्या डेडस्टॉक रजिस्टरात, होई. नळी फुटली तर निर्लेखनाचा प्रस्ताव, वर तपासणीत विचारणा. यावर शाळांनी शोधलेला उपाय साधा होता. पेटी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात. काच पारदर्शक आणि ठिसूळ असते एवढा एलिझाबेथ मेयो यांचा धडा व्यवस्थेने मात्र पुरता आत्मसात केला होता.

अध्यापक विद्यालयांत त्या वेळी पी.टी.सी. जाऊन डी.एड. आले होते. दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम ज्यांनी केला त्यांच्या आठवणीत सर्वांत ठसलेली गोष्ट म्हणजे पाठ टाचण. उद्दिष्टे, विषय-विवेचन, शिक्षककृती, विद्यार्थिकृती, फलकलेखन, मूल्यमापन, गृहपाठ, असे रकाने आखलेली वही. पाठ घेण्याआधी मार्गदर्शकांची सही, आणि वर्गात मागच्या बाकावर निरीक्षण लिहीत बसलेले सहाध्यायी. विज्ञानाच्या सराव पाठात ‘हवा जागा व्यापते’ हा हमखास निवडला जाणारा घटक. पेल्याच्या तळाशी कागदाचा बोळा कोंबायचा, पेला पालथा करून सरळ पाण्यात दाबायचा, बाहेर काढला की बोळा कोरडा. छात्राध्यापकाचा हात थरथरून पेला जरा कलला, की बुडबुडा निघून जातो आणि कागद भिजतो. वेळ पस्तीस मिनिटे, मागे परीक्षक. अशा वेळी ‘समजा, कागद कोरडा राहिला’ हे वाक्य कितीतरी पाठांत ऐकू आलेले आहे. वास्तविक निसटलेला तो बुडबुडा हाच धड्याचा सर्वोत्तम पुरावा. पेल्यात काहीतरी होते, ते बाहेर पडले, म्हणून पाणी आत आले. पण टाचणाच्या कोणत्याही रकान्यात त्याला जागा नसते.

दुसरा प्रयोग आणखी बोलका आहे. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर पालथा पेला. मेणबत्ती विझते आणि पाणी आत चढते. ऑक्सिजन हवेचा एक पंचमांश असतो, तो जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली, असे स्पष्टीकरण पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले. स्वतः करून पाहणाऱ्याला तीन गोष्टी दिसतात. पेला ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर पडतात. पाणी हळूहळू न चढता बरेचसे ज्योत विझल्यावर एकदम चढते. आणि एकीच्या जागी तीन मेणबत्त्या लावल्या तर ते अधिक चढते, पेल्यातला ऑक्सिजन तेवढाच असूनही. म्हणजे मुख्य काम तापून पसरलेल्या आणि मग थंड होऊन आकसलेल्या हवेचे आहे. शिवाय ऑक्सिजन सगळा संपत नाही आणि त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही, तीन मेणबत्त्या लागतात. ज्याने हे केलेले आहे तो शिक्षक वर्गात अनपेक्षित प्रश्न आला तरी गडबडत नाही, ‘करून पाहू’ म्हणतो.

शिक्षकाच्या या धीराला पुढे संशोधकांनी मोजमाप लावले. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेची कल्पना मांडली. हे काम मला जमेल, असा त्या त्या कामापुरता विश्वास, आणि तो सर्वांत पक्का होतो स्वतः काम तडीस नेल्याच्या अनुभवातून. अमेरिकेत एनॉक्स आणि रिग्ज यांनी १९९० साली भावी प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान अध्यापनाच्या विश्वासाची प्रश्नावली बनवली आणि ती जगभर वापरली गेली. अमेरिकेतल्या प्राथमिक शिक्षिकेलाही विज्ञानाच्या तासाची धास्ती वाटते, हे त्यातून पुढे आले.

पुण्यात यावर खरा उतारा अध्यापक विद्यालयांच्या बाहेर तयार झाला. अरविंद गुप्ता आय.आय.टी. कानपूरचे अभियंते. पुण्याच्या टेल्कोत नोकरीला असताना ते १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले. १९७२ पासून चाललेल्या त्या कार्यक्रमात सरकारी शाळांतल्या शिक्षकांना आधी स्वतः प्रयोग करायला लावत, मगच वर्गात पाठवत. गुप्तांनी तिथे आगपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडायला सुरुवात केली. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी तसाच राहतो, चार काड्यांचा चौकोन कलंडतो. पुलांच्या कैच्यांत आणि छपरांच्या सांगाड्यांत त्रिकोण का असतात हे बोटांना कळते. पुढे २००३ ते २०१४ या काळात ते पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठीची ही वास्तू पु. ल. देशपांडे यांच्या नावाशी जोडलेल्या देणगीतून आली. म्हणून तिचे नाव ‘पुलस्त्य’, सप्तर्षींतला एक तारा आणि पु. ल. दोन्ही त्यात सामावलेले. रिकाम्या बाटल्या, स्ट्रॉ, जुन्या सीडी, वर्तमानपत्र यांची खेळणी तिथे शिक्षकांनी स्वतः बसून केली. तुटले तर दुसरे करायचे. डेडस्टॉकात नोंद नाही, म्हणून कुलूप नाही. पाषाणला २००६ मध्ये स्थापन झालेल्या आयसर संस्थेच्या विज्ञान उपक्रम केंद्रातही शिक्षकांच्या कार्यशाळांचे काम त्याच वळणाने चालले. भारतीय विद्या भवनची मुक्तांगण शोधिका, ज्ञानप्रबोधिनी, ‘शैक्षणिक संदर्भ’सारखे नियतकालिक यांचाही या वातावरणात वाटा आहे.

यात एक विसंगती राहून गेली. या कार्यशाळांना येतो तो बहुधा नोकरीत असलेला आणि मुळात हौशी शिक्षक. शिकाऊ उमेदवार विद्यालयाच्या चार भिंतींतच राहतो. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. पुणे जिल्ह्याची संस्था लोणी काळभोरला आहे, जिथे कधी शेतकी शाळेची नांगरट होत असे. २००० नंतर डी.एड. विद्यालयांचे राज्यात अमाप पीक आले, २०१२ नंतर शिक्षकभरती बरीच वर्षे रखडली आणि विद्यालये एकामागून एक ओस पडली. २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली. पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठीच्या पेपरात १५० पैकी ३० गुण परिसर अभ्यासाचे, सगळे बहुपर्यायी. भिजलेल्या बोळ्याचे काय करायचे हे त्यात विचारता येत नाही. डी.एड.चे नाव आता डी.एल.एड. झाले आहे, सराव पाठांच्या जोडीला शाळेतली प्रदीर्घ आंतरवासिता आली आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता व्हायची आहे. तोवर प्राथमिक शिक्षकाची वाट डी.एल.एड.मधूनच जाते. त्याला प्रवेश बारावीनंतर मिळतो. शाखा कला असो, वाणिज्य असो की विज्ञान, अट नाही.